घोळणा

१९३७ साली माझ्या धाकट्या बहिणीचा, मुक्ताचा, घोळणा फुटला आणि काही केल्या रक्त थांबेना. आमच्या आबांनी तिला छकड्यात निजवून पणदऱ्याहून बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिला देण्यासाठी आबांचं रक्त बाटलीत घेतलं आणि ते गोठू नये म्हणून त्यात औषध घातलं.

“आन् हिचं गोठावं म्हणून काय घालता?” आबांनी विचारलं.

“तसं औषध माझ्याकडे नाही.”

आबांनी हात पुढे केला. सुई टोचलेल्या जागी रक्त केव्हाच सुकलं होतं.

“माझं तर थांबलं की, डाक्टर! माझ्या रक्तात जे काय हाय, तेवढं काढून पोरीला द्या.”

“तेवढंच वेगळं काढता येत नाही हो.”

आबांनी मुक्ताच्या नाकावरचं भिजलेलं फडकं बदललं. मग दुसऱ्या हाताची बाही वर सारली.

“मग समदंच घ्या.”