स्वच्छ आकाशाचा चष्मा

"खालून बघा मीटर, मधून धावपट्टी, वरून आकाश. काकू, एका चष्म्यात सगळं!" चष्मेवाला बिपिन म्हणाला.

"मी तुझी काकू नाही," हेमलता कर्णिक फणकारल्या. ग्लायडर उडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता म्हणे साठीनंतर हा चष्मा लावल्याशिवाय क्लब उडू देणार नाही.

धावपट्टीवर उभं राहून त्यांनी चष्मा लावला. वर निळंशार, रिकामं आकाश. चष्मा कपाळावर सरकवला, तर टेकडीवर घारी पंख न हलवता गोल गोल वर चढत होत्या. चष्मा खाली केला. घारी गायब.

"हा घारी पुसतोय!"

"बिनकामाचं सगळंच पुसतो. लक्ष विचलित होत नाही."

"ग्लायडरला इंजिन नसतं, एवढं तरी माहीत आहे का? घार घिरट्या घालते तिथे गरम हवा वर चढते. तिच्या जिवावर आम्ही उडतो, मूर्खा!"

बिपिन हसला. त्याच्या डोळ्यांवर लहानपणापासून असाच चष्मा होता.

"उगाच चिडताय. घारी कुठून दिसणार, मॅडम? पक्षी नामशेष होऊन किती वर्षं झाली!"