समान रजेचा हुकूम

"लंडन?" यिप काम-शिंगने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"लंडनच," हेडक्लार्क लो बाई म्हणाल्या. "गोऱ्या साहेबांना मिळतं तेच आता तुम्हालाही. चार महिने रजा आणि मायदेशी जायचं विमानभाडं. नऊ वर्षं भांडलात, जिंकलात! आता सगळ्या ऑफिसला अंड्याचे टार्ट खिलवा."

"अहो, पण माझं घर लंडनला कुठलं?"

"नियमात मायदेश म्हणजे लंडन. गोऱ्यांचा नियम जसाच्या तसा तुम्हाला लावलाय. समान म्हणजे समान!"

"मग भाडं राहू द्या. नुसती रजा द्या."

"तसं नाही जमायचं, साहेब. विमान उडालं की रजा सुरू. विमान नाही तर रजा नाही."

यिपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रिटिश हाँगकाँगच्या पाणीखात्यात तो इंजिनियर होता. शेजारच्या खोलीतला प्रिचर्डही इंजिनियरच. प्रिचर्ड दर अडीच वर्षांनी बायकापोरांसह मायदेशी जायचा आणि मागे त्याच्या फाइली यिप उपसायचा. यिपला मात्र वर्षाचे चौदा दिवस. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

यिपची आई चीनमधल्या तोयशानच्या खेड्यात एकटी राहायची. एक्याऐंशी वर्षांची. चार महिने तिच्याजवळ राहावं, घराची कौलं फिरवावीत, तिच्या हातची खाऱ्या माशाची पेज खावी, एवढंच त्याला हवं होतं. तेवढ्यासाठी त्याने अर्जांवर अर्ज केले होते. आणि या नऊ वर्षांत चौदा दिवसांची ती रजा त्याने एकदाही घेतली नव्हती. बापाचं थडगं झाडायलासुद्धा नाही. घेतली असती तर खातं म्हणालं असतं, बघा, यांचं भागतंय की! दर वर्षी तो रजा बुडू द्यायचा. कँटीनमध्ये लोक त्याला तत्त्वाचा माणूस म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं.

तरातरा खोलीत येऊन त्याने गावाला फोन लावला. गावच्या कचेरीत एकच फोन होता. आईला बोलावून आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. तोवर तो प्रिचर्डला, लो बाईंना आणि लंडनला मनसोक्त शिव्या घालत बसला.

"आई, भांडण जिंकलो गं! पण मेल्यांनी तिकीट दिलंय ते लंडनचं. मी पुन्हा अर्ज करतोय. सोडत नाही त्यांना. तू अजून थोडी कळ काढ."

"लंडन लांब आहे का रे, शिंग?"

"लांब म्हणजे? अख्खा दिवस विमानात बसावं लागतं!"

"अगोबाई." आईच्या आवाजात राग नव्हता. ती आपली सहज विचारत होती. "आणि तुझ्याकडून इथे यायला?"

"तिथे ना? सकाळची बोट धरली, पुढे बस मिळाली, तर..." यिप अडखळला. "तर संध्याकाळी जेवायला तुझ्याकडे."



"आणि मी नऊ वर्षं गावात सगळ्यांना सांगतेय," आई म्हणाली, "माझा मुलगा फार लांब असतो म्हणून."