तीळ कुठल्या गालावर?

"काका, तीळ काकूंच्या कुठल्या गालावर होता?" शलाकाने समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं.

कॉम्प्युटरवर त्यांच्या दिवंगत पत्नीचं थ्रीडी डोकं करड्या मुखवट्यासारखं कोरंच फिरत होतं. वर्षश्राद्धाला तेच पडद्यावरून पाहुण्यांचं स्वागत करणार होतं. फोटो बघून त्यावर हुबेहूब कातडी चढवायची, एवढं शलाकाचं काम. पण फोटो कसले, डोंबल! चाळीसेक वर्षांच्या संसारात बाई कायम मागच्या रांगेत, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड. जवळून काढलेले दोनच सापडले. एकात तीळ डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने त्यातला एक उलटा टिपला होता, हे तिला कळत होतं. कुठला, ते कळत नव्हतं. साडी असती तर पदरावरून ओळखलं असतं, पण दोन्हींत गाऊन होता.

काकांनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं.

"डावीकडे... ना?" मुलाने बायकोलाच विचारलं.

"आईंना तीळ होता, हेच मला आत्ता कळतंय," सून म्हणाली.

समोर कुणी बसलं असावं तसा काकांनी हात उचलला, हवेतल्या एका गालापाशी नेला, मग दुसऱ्या गालापाशी, आणि तसाच खाली घेतला.

"काढूनच टाक तो तीळ," ते एकदम खेकसले. "तिच्याकडे एवढं निरखून बघणार आहे कोण?"