छपरावरचा अँटेना

कोमुझ हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या जुन्या कलावंतांचे कार्यक्रम सरकारी वाहिनी पुन्हा दाखवणार म्हटल्यावर आख्खं नारिन गाव चहा ओतून बसलं. दोघा भावांनी मात्र चहाला हात लावला नाही; त्या कलावंतांत त्यांचे बाबाही होते. दोघे शाळेत असताना बाबा राजधानीतून टीव्हीवर थेट वाजवत होते, तेव्हा आई छपरावर बर्फात अँटेना धरून उभी होती. "हलू नकोस गं, बाबांचं डोकं जातंय!" पोरं खालून ओरडत होती. मधेच बाबा म्हणाले, "पुढची धून घरी टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या बायकोसाठी." पोरांनी तिला बोलावलं नाही, चित्र गेलं असतं. नंतर सांगायचं राहिलं. मग बाबाच गेले. आज आई टीव्हीसमोर होती. तेच वाक्य आलं. धाकट्याने विचारलं, "आई, चहा?" "गप बस." धून संपल्यावर ती म्हणाली, "तेव्हा घरी आल्यावर यांनी विचारलं, 'आवडलं का?' मी म्हटलं, 'चित्र छान आलं होतं.'"