झेंडा कुणी काढला

त्या बेटांच्या देशाच्या वकिलातीतून आलेल्या बाईंनी झेंडा सोफ्यावर पसरला. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या घराच्या छोट्या हॉलमध्ये एकदम समुद्र आल्यासारखं झालं.

पद्मिनीताई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांची मुलगी क्षितिजा श्वास रोखून उभी होती. आठवडाभर तिनं आईची उजळणी घेतली होती. लग्नानंतर आई-बाबा राहिले ती दूरची बेटं, बाबांची तिथल्या शाळेतली नोकरी, देश स्वतंत्र होणार म्हणून ठेवलेली झेंड्याची स्पर्धा. परक्यांना भाग घ्यायला मनाई होती, म्हणून आईनं चित्र निनावीच पेटीत टाकलं. नेमकं तेच निवडलं गेलं. आता पन्नास वर्षांनी तिथलं सरकार चित्रकाराला शोधत होतं. क्षितिजानं आईच्या वतीनं दावा केला होता, तसा आणखी तिघांनीही केला होता. पुरावा कुणाकडेच नव्हता, आणि आईला तर हल्ली कालचंही आठवत नसे.

पद्मिनीताईंनी निळ्या कापडावरून हळूच हात फिरवला, झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"छान आहे गं. कुणी काढलं?"

क्षितिजाचे डोळे भरून आले. बाहेर डब्लिनची ट्रेन संथपणे सरकत गेली.

"बावीस वर्षांच्या एका मुलीनं, आई."

"हो का?" पद्मिनीताई पुन्हा वाकल्या. बराच वेळ त्या कुठेतरी लांब गेल्यासारख्या दिसल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण तारा असा मधोमध का? होड्या परत येतात तेव्हा तो खाली असतो. अगदी पाण्याला टेकलेला." त्यांनी निळ्या पट्ट्याच्या कडेवर बोट ठेवलं. "इथे."

क्षितिजानं ओशाळत ते इंग्रजीत सांगितलं.

 बाईंनी फाइलमधून स्पर्धेतल्या मूळ चित्राचा फोटो काढला. आजवर तो कुठल्याही दावेदाराला दाखवलेला नव्हता. त्यात तारा पाण्याला टेकलेला होता. निवड समितीनं तो नंतर वर सरकवला होता.

"त्याच आहेत," बाई कशाबशा म्हणाल्या.

क्षितिजा आईपुढे गुडघे टेकून बसली. "आई, तारा तू म्हणतेस तिथेच होता. मागाहून लोकांनी हलवला."

पद्मिनीताईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"मग त्या मुलीला कळव हं," त्या म्हणाल्या. "बिचारीला इतकी वर्षं वाटत असेल, आपलंच चुकलं."