चुन्याचा हात

लंडनचा चित्रकार लौरीच्या घराचं आतून चित्र काढणार म्हणून तिने भिंतींना चुन्याचा हात दिला, फरशी वाळूने घासून लख्ख केली. चित्रकार साहेबांनी दारातच नाक मुरडलं.

"हे काय करून ठेवलंस गं? गरिबाचं घर गरिबाचं दिसायला नको?"

त्यांनी भिंतींना काजळी फासायला लावली, फरशीवर कुजकं गवत पसरायला लावलं. तरी समाधान होईना.

"चुलीपाशी एक डुकरीण हवी."

"मी डुकरं पाळत नाही, साहेब."

साहेबांनी जमीनदाराच्या हवेलीवर माणूस पिटाळला. तासाभरात दोरीला बांधलेली लठ्ठ डुकरीण हजर झाली. तीन दिवस ती चुलीपाशी लोळली, तिथेच हगली. त्या वासाने लौरीच्या घशाखाली घास उतरेना.

महिन्याभराने ती नेहमीसारखी जमीनदाराच्या हवेलीत गुडघे टेकून फरशी पुसत होती. समोरच्या भिंतीवर ते चित्र सोनेरी चौकटीत लागलं होतं. बाईसाहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"शी! डुकरांबरोबर राहतात मेले! कुणाचं गं हे घर?"

लौरीने फडकं बादलीत पिळलं.

"घर माझं आहे, बाईसाहेब. डुकरीण तुमची."