डायलचं कुलूप

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी बाहेरून शिरलं होतं. मोडेम दर दहा मिनिटांनी आपोआप मुंबईला फोन लावून नव्या श्रीखंडाची कृती तुकड्यातुकड्यानं पाठवत होता. वायर उपटावी, तर इंदापूरच्या केंद्राचे दुधाचे आकडे त्याच मोडेमवर यायचे होते. टँकर खोळंबले असते. साहेबांनी त्याच लाइनवरच्या फोनच्या डायलला पितळी कुलूप घातलं. मोडेमनं तरीही मुंबई गाठली. टेलिफोन ऑपरेटर सारजाबाई उठल्या. "कुलूप काढा, साहेब. त्येला डायल लागत न्हाय." मोडेम थांबताच त्यांनी बाहेरगावचे फोन बंद करणारा कोड फिरवला; रोज निघताना लावायच्या, तोच. दहा मिनिटांनी मोडेम कुरकुरला, मुंबई लागेना, गप्प बसला. तेवढ्यात घंटी वाजली, इंदापूरचे आकडे आले! आम्ही टाळ्या पिटल्या. "कोड काय?" साहेबांनी विचारलं. "मी न्हाय सांगायची. कॉम्प्युटरचा पासवर्ड तुमीच भिंतीवर चिकटवला व्हता."